तिसरा पुकारा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी फादरांसमोर गुडघे टेकून पापं सांगते — रागावले, आळस केला, शेजारणीला टाकून बोलले — त्यातही हे कधी आलं नाही. तेवीस वर्षं झाली.

मी बावन्न वर्षांची. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत माल तपासते. कास्टिंगला भेग दिसली की खडूची फुली मारायची आणि बाजूला काढायचं, विषय संपला. घरातही माझं तसंच, मला घोळ घालणारी माणसं सोसत नाहीत. मग याच एका गोष्टीभोवती मी इतकी वर्षं का फिरतेय?

या उपवासकाळात नव्या फादरांनी मला एक काम दिलं. प्रायश्चित्ताचा इतिहास त्यांनी हाताने लिहून काढला होता, रविवारी चर्चमध्ये वाटायला तो टाइप करायचा होता. मी बसले. सुरुवातीच्या काळात मोठ्या पाप्याला गोणपाट नेसून सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चर्चच्या दाराशी उभं राहावं लागे, आणि अशी माफी जन्मात एकदाच. मग आयर्लंडच्या मठवासीयांनी वह्या केल्या — या पापाला इतके दिवस भाकरी-पाणी, त्या पापाला इतकी वर्षं. पुढे ऐपतवाल्यांनी त्यातूनही वाट काढली. आपला उपवास दुसऱ्याकडून करून घ्यायचा.

माझी धाकटी बहीण रेजिना मागे उभी राहून वाचत होती. ती मोठ्याने हसली.

"म्हंजे उपाशी एकानं ऱ्हायाचं न् स्वर्गात दुसऱ्यानं जायाचं? बेस हाय की अक्का! तुझा उपास मी करू काय? तुला तसाबी निघत न्हाय."

मी म्हटलं, "चहा ठेव जा."

रेजिना अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. तिचं लग्न झालं नाही. कळंब्याला आईच्याच घरात आम्ही सगळे राहतो — मी, माझा नवरा आणि ती. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा गडहिंग्लजचा, विन्सेंट. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार मिस्सात, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेत, पुकारा होतो: अमक्याचं तमकीशी लग्न ठरलंय, कुणाला काही अडचण ठाऊक असेल तर सांगावी. दोन रविवार पुकारा झाला.

त्या वर्षी आईला पक्षाघात झाला होता. तिला उचलणं, पुसणं, भरवणं — सगळं रेजिना करायची. मला कागलची नोकरी लागून चारच महिने झाले होते. रेजिना गेली असती तर नोकरी कुणी सोडली असती? मी. घरात तिसरी बाई कोण होती?

दुसऱ्या पुकाऱ्यानंतर सोमवारी मी तेव्हाच्या फादरांच्या ऑफिसात गेले. त्यांना सांगितलं, विन्सेंटचं आधीच एका मुलीशी रजिस्टर लग्न झालंय, मला पक्कं ठाऊक आहे, फक्त माझं नाव कुठे घेऊ नका. त्यांनी विचारलं, "खात्री आहे?" मी हो म्हटलं.

ते लग्न नव्हतंच. मी ते रचलं होतं. बसमध्ये — कागल ते कळंबा.

फादरांनी पुकारा थांबवला आणि चौकशीसाठी विन्सेंटच्या वडलांना बोलावलं. त्यांना तो अपमान वाटला. आमच्या पोराला लबाड ठरवता काय, म्हणाले आणि सोयरीक मोडून निघून गेले. म्हातारे फादर माझं नाव पोटात घेऊनच वारले.

आईला रेजिनाने अकरा वर्षं सांभाळलं. मी नोकरी केली, बढती घेतली.

रेजिनाला आजही वाटतं, विन्सेंट फसवा होता. "खोटं असतं तर कागद आणून तोंडावर मारला असता की त्यानं." आणि कुणी तरी वेळेवर सांगून आपल्याला वाचवलं, असंही तिला वाटतं. त्या अनोळखी माणसाच्या नावाने ती दरवर्षी मेणबत्ती लावते. मी शेजारी उभी असते. मग मनात येतं — आता खरं सांगितलं तर तिचा हा एवढा आधारही जाईल, नाही का? पण ही माझी पळवाट आहे. तो आधार मीच रचलाय, बसमध्येच. विन्सेंट बेळगावात असतो. त्याचंही नाव दोन गावांत खराब झालं, त्याला कसला आधार?

फादरांच्या कागदांत पुढे होतं की जाणूनबुजून मोठं पाप लपवलं तर बाकीचं सांगितलेलंही फुकट. म्हणजे माझी तेवीस वर्षांची गुडघेटेकणी. बाहेर पडायचं तर ज्याचं नाव घालवलं त्याला ते परत द्यायचं, आणि ते देता येतं फक्त रेजिनासमोर. दुसरं दार नाही. हे मी टाइप केलं, हात थांबला नाही.

मग शेवटच्या पानावर तेराव्या शतकातल्या एका मोठ्या धर्मसभेचे नियम आले. वर्षातून एकदा तरी प्रत्येकाने पापं सांगावीत. पाद्र्याने ती फोडू नयेत. लग्नाचा पुकारा करावा. आणि त्याखाली एक ओळ — चांगलं लग्न मोडावं म्हणून जो दुष्टपणाने खोटी अडचण सांगेल, तो चर्चच्या शिक्षेतून सुटणार नाही.

आठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी ठाऊक होतं की माझ्यासारखी कुणी असणार.

ती ओळ मी टाइप केली नाही. सोडून पुढच्या ओळीवर गेले. फादरांनी पानं चाळली, "छान झालंय" म्हणाले. चाळीस प्रती काढल्या. रेजिनाने दुपारी खाटेवर बसून एकेक प्रत लावली, स्टेपल मारले, कडा नीट जुळवल्या. म्हणाली, "वाचली की मी सगळी. लई कडक हुती की ही लोकं."

रविवारी त्या प्रती वाटल्या. आम्ही दोघींनी — तिने डावीकडच्या बाकांवर, मी उजवीकडच्या.