मंडईसाठी रंगवलेली चाकं

गाडीच्या चाकांवर लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात गाडी नाही, आणि माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे चाकांवर बोलण्याचा आणि लिहिण्याचा, माझे दोन्ही अधिकार तसे कच्चेच. पण ती चाकं मी माझ्या हातांनी घासली आणि त्यांच्यापायी बोलणीही खाल्ली. तेवढ्या बळावर लिहितो.

गाडी मोठेबाबांची, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची. आमचं गाव आसगावच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांमध्ये. तिथे त्यांनी नागपूरहून कुणीतरी वापरून सोडलेली ही गाडी आणली. ती दारासमोर उभी असायची आणि तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या. तिच्यातून कुणी कुठे गेल्याचं मला फारसं आठवत नाही. ती घेतली होती दादाच्या लग्नासाठी. दादा म्हणजे त्यांचा मुलगा. शेती करणारा, कमी बोलणारा, तिशी ओलांडलेला. मुलीकडचे लोक नोकरी विचारत आणि शेती ऐकली की चहा संपवून उठत. यावर मोठेबाबांनी काढलेला उपाय असा, की नोकरी नसली तरी गाडी असावी, आणि ती नवी आहे असं सांगावं.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात पाहुण्यांमध्ये सोयरिकीच्या गोष्टी. शेजारच्या गावच्या मंडईत एका मुलीच्या घरचे दादाला भेटणार होते. ही सोयरीक जमली नाही तर आपण पुन्हा मुलगी पाहायला जाणार नाही, असं दादाने मोठीआईला, म्हणजे त्याच्या आईला, सांगून टाकलं होतं. ते ऐकल्यापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं. आणि मोठेबाबांना काळजी होती चाकांची, कारण चाकांवर गंज चढला होता.

"मुलीचा बाप पयले चाकंच पाह्यते," ते मला म्हणाले. हे ज्ञान त्यांना कुठून मिळालं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी भंडाऱ्याच्या कॉलेजातून सुट्टीत घरी आलेला, आणि मला रंगाच्या स्प्रेच्या डब्यावरचं इंग्रजी वाचता येतं, एवढ्यावरच चाकं रंगवायला माझी नेमणूक झाली.

मोठेबाबांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यातला माणूस हातमोजे घालून, चकचकीत फरशीच्या खोलीत उभा राहून, हे काम घरच्या घरी कसं करावं ते सांगत होता. ज्याच्या गाडीला आमच्या घरापेक्षा मोठी खोली आहे, त्याने घरच्या घरी म्हणू नये, असं मला वाटलं. आमच्याकडे अंगण होतं, आणि अंगणात भावकीच्या सगळ्यांचं धान.

तरी मी सगळं नीट केलं. गाडी जॅकवर उचलून लाकडाच्या ओंडक्यांवर बसवली, चाकं काढली, निरम्याने धुतली. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, मग पॉलिश पेपरने बोटं सोलेपर्यंत घासलं. थिनरने पुसून अस्तराचा राखाडी रंग मारला. टायरला रंग लागू नये म्हणून टायर आणि रिम यांच्या फटीत जाड कागद खोचायचे होते. मोठीआईने जपून ठेवलेल्या लग्नपत्रिका आणून दिल्या. गावातल्या इतरांच्या लग्नाच्या. दादा त्या एकेक करून खोचत होता. आपल्या बरोबरीच्या पोरांची नावं वाचत होता. मोठेबाबा मात्र पत्रिकेवरचा गणपती बाहेरच्या बाजूला ठेवा, असं बजावत होते.

चांदीचा रंग बरा बसला. शेवटचा चकाकीचा थर उरला, त्या दिवशी अंगणात धान मळायला थ्रेशर आलं. मी भीत भीत म्हटलं की धानाचा चुरणा सुरू आहे, रंग ओला असताना कोंडा उडेल, आज नको.

"तुमच्या कॉलेजात कोंड्याचाही विषय हाये का?" मोठेबाबांनी विचारलं. थ्रेशरवाली माणसं हसली. मंडई दुसऱ्या दिवशी होती. मी डबा हलवला आणि थर मारला.

संध्याकाळी चारही चाकं पिवळ्या कोंड्याने भरलेली होती. वरचा निघाला, रुतलेला राहिला. मोठेबाबा लांब विहिरीपर्यंत चालत गेले, तिथून डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले की दुरून काही दिसत नाही.

मंडईत गाड्या उभ्या करायची जागा तळ्याच्या पलीकडे, धान कापलेल्या बांधीत होती. कुणाला गाडी दिसायचं कारणच नव्हतं. पण मोठेबाबांनी मुलीच्या बापाला आणि मुलीलाही धुळीतून तिथवर चालवत नेलं आणि गाडी नवी, शोरूमची असल्याचं सांगितलं. मुलीचे वडील धान पिकवणारेच. त्यांनी वाकून चाकावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि धोतराला पुसलं. मोठेबाबांच्या मते हे त्यांना चाक आवडल्याचं लक्षण होतं. दादा आणि ती मुलगी थोडा वेळ फुटाण्याच्या दुकानापाशी उभे राहून बोलले. मग सगळे आपापल्या घरी गेले.

त्यानंतर तिकडून काहीच कळलं नाही. जसजसे दिवस गेले, तसतसा दोष माझ्याकडे सरकला. एवढा शिकला आणि चार चाकं रंगवता आली नाहीत, हे मोठेबाबा आल्यागेल्याला सांगत. मी भंडाऱ्याला परतलो तरी ते सांगणं थांबलं नव्हतं. दादा फोनवर शेताचंच बोलायचा.

मग एका दुपारी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो असताना मोठेबाबांचा फोन आला. होकार आला होता.

"म्या म्हणलो होतो ना, चाकाईनंच काम केलं," ते म्हणाले. लग्नाला चाकं सोनेरी करू, येताना डबा घेऊन ये, असंही सांगितलं. मग दादाने फोन घेतला आणि बोलत बोलत बाहेर आला असावा, कारण मागचा आवाज कमी झाला.

"बाबाले काही सांगू नको," तो म्हणाला. "तिले म्या मंडईतच सांगून टाकलं होतं, का गाडी जुनी हाये, चाकं आंगणात रंगवली."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

"म्हणे, ते तं दिसूनच राहिलं, रंगात कोंडा हाये. म्हणे, माझ्या बाबाले मी समजावीन, पण वेळ लागन."