आतोबांचा जर्मनी-रशिया

जगातल्या कुठल्याही दोन देशांचं बिनसलं की पहिला त्रास मोरव्याच्या आमच्या आतोबांना व्हायचा आणि त्यांच्यापायी आम्हा सगळ्यांना. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. घरचं मिठागर होतं, पण त्यांचं लक्ष युरोपात. स्टेशनवरून वर्तमानपत्र आणायचं आणि मिठागरात उभ्या असलेल्या गड्यांना कामं थांबवून समजवायचं, की अमक्या देशातल्या मंत्र्यांचं घरात पटत नाही, म्हणून ते बाहेर भांडण उकरतायत. गडी मान डोलवायचे, मीठ तसंच पडून राहायचं.

जर्मनी आणि रशियाचा एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला तेव्हा त्यांनी घरात गोडाचं करायला लावलं. दोन बलाढ्य देशांनी शब्द दिलाय, आता पन्नास वर्षं काळजी नाही, असं ते ज्याला त्याला अडवून सांगत. त्याच दिवसांत कुसुमचं, त्यांच्या मुलीचं, वरसाव्याच्या मुलाशी ठरलं. बोलणी संपून पानसुपारी चालली होती, तेवढ्यात मुलाचे वडील सहज म्हणाले, हा करार काही टिकायचा नाही. आतोबा ताडकन उठले आणि सोयरीक मोडली म्हणून सांगून मोकळे झाले. पाहुणे गेल्यावर आत्या शांतपणे म्हणाली, "देशांचा शबुद ऱ्हाऊ द्या. तुमचा कुठं हाय?"

पुढे जवळजवळ दोन वर्षं कुसुम बापाशी कामापुरतं बोलली. आलेली स्थळं तिने एकेक करून परतवली. मी समजूत घालायला गेलो की आतोबा माझ्यापुढे नकाशा पसरायचे. मी त्या माणसाला अक्षरशः कंटाळलो होतो.

मग जर्मनीने रशियावर चाल केली. आतोबा दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल, वरसाव्याला जाऊ." वाटभर मनाशी काही पुटपुटत होते. मुलाचं लग्न अजून कुठे जमलं नव्हतं. त्याच्या वडिलांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, भाताच्या पेरणीचं विचारलं. युरोपचं नावही काढलं नाही. आतोबांनी चाचरत मुलीचा विषय काढला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "दिवाली झाली का लगीन धरू."

परतताना आतोबा वाटेत थांबले. मग म्हणाले, "त्याने काही विचारलंच नाही रे. मी उत्तर तयार करून नेलं होतं."

मिठागराच्या बांधावर चिखल झाला होता. मी त्यांचा हात धरला. एरवी झिडकारला असता. त्या दिवशी त्यांनी तो घरापर्यंत धरू दिला.