अठ्ठ्यांची जोडी

गणपतीत दुपारची जेवणं उरकली की आमच्या घरात बायका तीन पत्ती खेळायला बसत. पैसे नाहीत, चिंचोके लावायचे. पण हसू नका, त्या चिंचोक्यांवर आमचं माहेर ठरायचं.

शहापूरकडच्या आमच्या गावात गौरी-गणपती जाईपर्यंत बेणणी, म्हणजे भातातलं तण काढणं, आटोपलेली असे. भात पोटरीला आलेलं आणि कापणीला अजून अवकाश. सुनांनी माहेरी जायचं ते या दिवसांत. पण गोठ्यात दुभत्या म्हशी आणि वाशिंदच्या कारखान्यात जाणाऱ्यांचे सकाळचे डबे, त्यामुळे एका वेळी एकच बाई घर सोडू शके. म्हणून कधीतरी सासूबाईंच्या सासूने ही पद्धत पाडली. धारेची वेळ झाली की डाव मोडायचा. जिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग मोठा ती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जाणार. तिच्या मागची पितृपक्ष उरकल्यावर. जिचे चिंचोके संपले तिने भाताची झोडणी होईपर्यंत माहेराचं नाव काढायचं नाही.

आणखी एक नियम होता, तो फक्त आमच्याच घरचा असावा. धाकटीने थोरलीकडे शो मागायचा नाही, तो उद्धटपणा. हातात चांगले पत्ते असतील तर चाल खेळत राहायची, नाहीतर पॅक. धाकटीने शेवटचा चिंचोका टाकला तरच थोरलीला पत्ते उघडावे लागत.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि माझ्या लग्नाला दुसरं वर्ष होतं. माहेर मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडे. त्या उन्हाळ्यात आईच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी दहा-अकरा वर्षांची होते तेव्हापासून तिची नजर गढुळत गेलेली. लग्नात माझ्या कपाळाला मळवट भरला तोसुद्धा तिने चाचपडत. पावसाळ्यात आमच्याकडचा एक माणूस सरळगावच्या बाजारात गेला होता, त्याच्याकडे तिने निरोप दिला, ‘सगली बघून झाली, तूच राहिलीस.’ तो निरोप ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नव्हतं. मला पहिला नंबर हवा होता.

आमच्या जाऊबाईंचं माहेर हाकेच्या अंतरावर, त्यांना कसली घाई? त्या गप्पा मारत हरायच्या. खरी गोष्ट अशी झाली की त्या वर्षी सासूबाईही पदर खोचून डावात बसल्या. साठी जवळ आलेल्या बाईला माहेर असतं हेच मुळी मी विसरले होते. त्यांचा भाऊ टोकावड्याच्या पुढे, घाटाच्या पायथ्याला राहायचा.

शेवटचा डाव. म्हैस गोठ्यात ओरडायला लागली होती. मी पत्ते उचलले, चौकट अठ्ठी, किलवर अठ्ठी आणि बदामाची तिर्री. अठ्ठ्यांची जोडी म्हणजे मोठी वाईट चीज. फेकवत नाही आणि छातीठोकपणे खेळवतही नाही. एक्क्याची जोडी असती तर मी डोळे मिटून सगळे चिंचोके टाकले असते, दुर्रीची असती तर मुकाट फेकली असती. जाऊबाई पॅक झाल्या. सासूबाईंनी पत्ते एकदा पाहिले, मांडीखाली सारले आणि पान चघळत चाल दुप्पट केली. मी खेळले. त्यांनी पुन्हा चाल टाकली. माझ्यापुढे मूठभर चिंचोके उरले.

सगळे टाकले तर त्यांना पत्ते उघडावे लागणार. पण त्यांच्याकडे कलर निघाला तर माझं माहेर थेट झोडणीनंतर. जाऊबाईंपुढे माझ्याहूनही कमी चिंचोके होते, पॅक झाले तर निदान दुसरा नंबर पदरात. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर काही वाचता आलं असतं तर मी दोन वर्षांत बरीच सुखी झाले असते.

“काय गो, टाकतंस का धार काढाय जातंस?” त्या म्हणाल्या.

मी पॅक केलं.

त्यांनी मांडीखालचे पत्ते काढून माझ्यापुढे टाकले. सत्ती, पंजी आणि चौकी. रंगही तीन. जाऊबाई हसून आडव्या झाल्या. माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती.

सासूबाई ठरल्याप्रमाणे निघाल्या, नवं लुगडं नेसून, भावाला घरच्या काकड्या घेऊन. मी शेण काढताना त्यांच्या नावाने काय काय म्हणाले ते म्हशींना ठाऊक. तीन-चार दिवसांनी दुपारी रस्त्यावर जीप थांबली. सासूबाई उतरल्या आणि त्यांनी हात देऊन आणखी एकीला उतरवलं. काळा चष्मा लावलेली माझी आई.

मी धावत गेले. आई मात्र ओटीच्या पायरीपाशी थांबली. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणी पीत नाही. मला अजून मूल नव्हतं.

“विहीणबाई, मी हितंच बसते,” आई म्हणाली.

“का? तुमी लेकीच्या घरी आल्याव का?” सासूबाई म्हणाल्या. “मी तुमाला आणलाय. माज्या घरी माजी पावनी हाव तुमी. ए, पानी आन गो, माज्या पावनीला.”

आई ते पाणी प्यायली.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी विचारलं, “आत्या, तुमी तवा माज्या आईला आनायलाच गेल्तंव ना?” आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. त्या म्हणाल्या, “नाय गो. मला भावाला बघायचा होता. येताना सरळगावात एसटी चुकली, म्हनून विहीनीकडं वस्तीला गेले. रातभर तुजाच विषय. मंग सकाळी तिला म्हटला, चला.” इतकं खरं बोलणारी सासू मला मिळाली, याचं मला आजही अप्रूप आहे. त्या दिवशी मी जिंकले असते तर दोन दिवस माहेरी जाऊन परत आले असते, आणि आईने माझी चूल, माझा गोठा, माझी पाण्याची वाट एवढ्यात पाहिली नसती. हातात त्यांच्याहून चांगले पत्ते असून मी हरले, आणि त्या हरण्याबद्दल मी सासूबाईंची जन्माची ऋणी आहे.

पाणी पिऊन झाल्यावर आईने मला ओटीच्या कडेला, उजेडात ओढलं. चष्मा काढला. माझी हनुवटी धरून तोंड इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.

“ह्यो तीळ कंदीचा गो, गालावं?”

“सातवीत व्हते तवाचा,” मी म्हणाले.

“मला कोनी सांगितला पन नाय,” ती म्हणाली, आणि त्यावर अंगठा ठेवून बघत राहिली.