शेवटचा सायकलवाला दाखवा

सायकलच्या शर्यतीचा कार्यक्रम टीव्हीवर कसा असावा, हे मला कोणी विचारलेलं नाही. तरी सांगते. त्या रविवारी सकाळी मी आमच्या केबलवाल्याला फोनवर जे काही बोलले, ते गल्लीभर ऐकू गेलं होतं, आणि शेजारीण अजून म्हणते, "वहिनींना टीव्हीचं भारी वेड." वेड कसलं डोंबलाचं!

सायकल आमच्या घरात आली ती नवऱ्यामुळे. जन्मभर जहाजावर नोकरी केली, निवृत्त होऊन रत्नागिरीत येऊन बसले आणि वर्षाच्या आत हृदयात स्टेंट घालावा लागला. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर हळूहळू सायकल चालवा. यांनी त्यातलं "सायकल चालवा" एवढंच ऐकलं. संध्याकाळी परदेशातल्या शर्यती लावून बसायचे आणि मी भाजी निवडता निवडता बघायची. खरं सांगते, मला गोडी लागली. काय सुंदर दाखवतात ती माणसं! चढ किती, पुढच्या-मागच्यात अंतर किती, सगळं कोपऱ्यात लिहिलेलं. पण मला आवडायचं ते वेगळंच. पुढचे कितीही जोरात असोत, मधूनच कॅमेरा पार मागे जायचा, सगळ्यात शेवटच्या गड्याकडे. तो बिचारा डोलत डोलत चढतोय, त्याच्या मागे गाडी आहे, कोणीतरी पाणी देतंय. कोण कुठे आहे ते घरबसल्या कळायचं. माझ्या मते चांगला कार्यक्रम म्हणजे एवढंच, बाकी सगळं वरचं तोरण.

मग आपल्याकडेच शर्यत भरली. मैदानातून निघायचं, आरे-वारेच्या किनाऱ्याने जाऊन परत. ज्येष्ठांचा वेगळा गट होता आणि यांनी मला न सांगता नाव दिलं. आदल्या दिवशी कळलं तेव्हा मी आकाशपाताळ एक केलं.

"अहो, आरे-वारेचा चढ म्हणजे काय सपाटी आहे?"

"अगो, उतरून ढकलत नेईन. झालं समाधान?"

सकाळी मी अंघोळीला गेले तेवढ्यात निघून गेले. बाहेर येऊन बघते तर फोन टेबलावर, आणि त्याच्या शेजारी जिभेखाली धरायच्या गोळ्यांची डबी.

केबलवर थेट दाखवणार होते. टीव्ही लावला. सुरुवात बरी दाखवली, गर्दीत यांचं लाल हेल्मेटही दिसलं. सायकली सुटल्या आणि कॅमेरा मैदानातच राहिला! प्रमुख पाहुणे उशिरा आले, तेव्हा शर्यत तिकडे आणि सत्कार इकडे. पाहुण्यांना शाल, श्रीफळ. मग शाल देणाऱ्याला शाल. नमनाला घडाभर तेल! मोटरसायकलवरच्या कॅमेऱ्यातून पुढची दोन पोरं जरा दाखवली की लगेच परत माईकवर "हॅलो, हॅलो". आणि पाहुण्यांच्या मागे रुग्णवाहिका उभी, झेंडूचा हार घालून. नवी कोरी होती, पाहुण्यांच्या हस्ते तिची फीत कापायची होती, म्हणून शर्यतीमागे धाडलीच नव्हती. 

तरुण पोरं परत आली. मुली आल्या. मग ज्येष्ठांच्या गटातले एकेक यायला लागले. यांचा पत्ता नाही. जहाजावर असताना आठवडे आठवडे यांची खबर नसायची, तेही मी सोसलं होतं. पण तेव्हा समोर चित्र नव्हतं. आता चित्र होतं आणि त्यात नको तेवढं सगळं दिसत होतं. रिक्षा करून निघावं म्हटलं तर शर्यतीसाठी आरे-वारेकडचा रस्ता अडवलेला. माझा जीव नुसता टांगणीला लागला.

केबलवाला आमच्याच मागच्या गल्लीत राहतो. त्याला फोन लावला.

"भाऊ, तुमचा मोटरसायकलवाला कुठाय?"

"इथेच आहे वहिनी. पाहुण्यांचं भाषण घेतोय ना जवळून."

"त्याला आरे-वारेकडे पाठवा. आमचे हे अजून आले नाहीत."

"येतील हो, वहिनी. आता भाषणातून कॅमेरा हलवला तर मंडळी मला उभा चिरतील."

माझं डोकंच फिरलं. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय तुमचं! त्या माणसाच्या छातीत स्टेंट आहे आणि गोळ्या इथे माझ्या पुढ्यात पडल्यात. भाषण काय पळून जातंय? पाठव त्याला, नाहीतर तिथे येऊन तुझ्या सगळ्या वायरी उपटते, शिंच्या!"

त्याने तिकडे कोणाला तरी हाक मारली. मग म्हणाला, "फोन ठेवू नका."

पाहुणे वाक्याच्या मध्यावरच नाहीसे झाले आणि पडद्यावर रस्ता आला. वस्ती गेली, खाडीवरचा पूल गेला, सुरूची झाडं लागली. रस्ता, नुसता रस्ता. एक कुत्रं आडवं गेलं. वाटेत परत येणारे दोघे भेटले, दोघेही परके. प्रत्येक वळणाआधी मी म्हणत होते, देवा, दिसू देत. आणि वळण आलं की म्हणत होते, नको, इथे नको. भाषण ऐकत बसलेलं सगळं गाव त्या वेळी तो मोकळा रस्ता बघत होतं, आणि फोनवर केबलवाल्याचा श्वास मला ऐकू येत होता.

चढावर वळणाला एका घराच्या आवाराच्या चिऱ्यांच्या गडग्याला सायकल टेकवलेली दिसली. बाजूला हे बसलेले, ताठ, हेल्मेट मांडीवर. कॅमेऱ्याकडे बघून हसले. आणि त्या मोटरसायकलवाल्याने काय करावं? सवयीने माईक पुढे केला!

"काका, आजच्या स्पर्धेबद्दल काय सांगाल?"

"उत्तम," हे म्हणाले. "आयोजन... छान. चढ जरा दमवतो."

"बघा वहिनी, मजेत आहेत काका," फोनवर केबलवाला म्हणाला. "उगाच घाबरवलंत."

पण मी बघत होते. समुद्राचा वारा एवढा की माईक घोंगावत होता, आणि यांच्या हनुवटीवरून घाम गळत होता. उजव्या हाताने डावा दंड घट्ट धरला होता. मागच्या खेपेला स्वयंपाकघरात अस्साच धरला होता.

"मुलाखत बंद कर!" मी किंचाळले. "त्यांना बोलायला लावू नको म्हणावं! गाडी बघ, कोणाचीही बघ!"

केबलवाल्याने ते दुसऱ्या फोनवरून मोटरसायकलवाल्याला सांगितलं. त्याचा चेहरा दिसला नाही, पण माईक खाली आला, मग कॅमेराच खाली आला. पडद्यावर डांबर आणि सायकलचं अर्धं चाक. "काका! ओ काका!" कोणाच्या तरी घराचं फाटक वाजलं, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग चित्र गेलं आणि परत पाहुणे आले. लोक टाळ्या वाजवत होते.

गोळ्यांची डबी मुठीत धरून मी चौकापर्यंत पळत गेले आणि रिक्षाने केबलवाल्याने सांगितलेलं हॉस्पिटल गाठलं. वळणावरच्या घरातल्या माणसाने यांना स्वतःच्या गाडीतून माझ्याआधी पोचवलं होतं. डॉक्टर बाहेर आले ते दुपारी. "वेळेत आणलंत," म्हणाले. "अजून थोडा वेळ तिथेच राहिले असते तर..." 

दुसऱ्या दिवशी मला आत सोडलं. काय काय सुनवायचं ते रात्रभर बाकावर बसून मी ठरवलं होतं. यांनीच आधी तोंड उघडलं.

"दिसलो का गो मी टीव्हीवर?"

"दिसलात. मुलाखत देत होतात. ऐटीत."

"ऐट कसली. आडवाच झालो होतो गडग्याशी. फार दुखत होतं." दम घेतला. "मोटरसायकल येताना दिसली, कॅमेरा दिसला. म्हटलं, तू बघत असशील. घाबरशील. म्हणून उठून बसलो."

मला भयंकर राग आला. त्यांचा हात घट्ट धरला आणि तिथेच, नर्ससमोर, मोठ्याने रडले.