न उडणारं सोनं

भिमाजी शिंकला की रुमालावर सोनं पडायचं. हसू नका, खरंच सांगतो. नगरच्या नव्या पेठेमागच्या बोळात आप्पासाहेबांचा छापखाना होता. तिथे मी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचो आणि भिमाजी लग्नपत्रिकांवर सोनं लावायचा. सोनं म्हणजे पितळेची बारीक भुकटी. पण गिऱ्हाइकासमोर गणपतीला पितळी कोण म्हणणार? म्हणून आम्ही सगळे सोनंच म्हणायचो.

पद्धत अशी होती. गणपती आणि वधूवरांची नावं आधी चिकट वार्निशमध्ये छापायची. ते ओलं असतानाच कापसाच्या बोळ्यानं त्यावर भुकटी चोपडायची आणि मग मखमलीच्या तुकड्यानं जास्तीची झटकून टाकायची. भुकटी वाऱ्यावर जायला नको म्हणून खिडक्या बंद आणि पंखाही बंद. लग्नसराईचं काम म्हणजे चैत्र-वैशाखातलं, वर पत्रा तापलेला. त्या खोलीत भिमाजी सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत नाकाला फडका बांधून बसायचा. दुपारपर्यंत तो फडकाही सोनेरी व्हायचा. घरी जाताना आप्पासाहेब त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे. गुळानं घशातली धूळ खाली उतरते, असं आमच्याकडे सगळे मानायचे. अठरा वर्षं भिमाजीनं तो खडा खाल्ला. धूळ खाली उतरली, एवढं मात्र खरं.

तो मूळचा सुप्याकडचा. गावाला थोडी कोरडवाहू जमीन, ती भाऊ बघायचा. नालेगावात एक खोली घेऊन तो आणि चांगुणा राहायचे. तो घरी आला की चांगुणा त्याला दारातच थांबवायची आणि सदरा काढून ओट्याखाली झटकायची. शेजारच्या बायका तिची थट्टा करायच्या, काय बाई, चांगुणाच्या दारात रोज सोनं सांडतंय! तरी पिठात भुकटी जायचीच. भाकरीत चमक दिसली की चांगुणा तेवढा तुकडा खुडून टाकायची आणि काही बोलायची नाही. बोलून बोलून थकली होती बिचारी.

आता माझ्याविषयी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं नाव सुमंत. आमच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी. मीही मास्तर व्हायचो तो खिळ्यांत अडकलो, आणि त्याचा राग दिसेल त्याच्यावर काढत राहिलो. छापखान्यात इंग्रजी वाचता येणारा मी एकटा. त्याचीही मला घमेंड होती. घमेंड कसली, मॅट्रिकपुरतं इंग्रजी ते.

एकाहत्तर सालच्या माघात भिमाजीचा खोकला वाढला. चार शब्द बोलला की थांबून दम घ्यायचा. चांगुणानं त्याला ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावली, कामाची चौकशी केली आणि स्पष्टच सांगितलं की त्या खोलीत आणखी एक लग्नसराई निघेल, दुसरीची खात्री नाही. भिमाजीनं हे मला सांगितलं ते, सुतळी संपली म्हणून सांगावं, तसं. त्याला दुसरं काही येत नव्हतं. चाळिशी उलटलेल्या, दम लागणाऱ्या माणसाला हमालीला कोण ठेवणार?

त्याच सालच्या चैत्रात मुंबईहून शाईच्या कंपनीचा एक माणूस आला. पिशवीतून त्यानं एक डबा काढला. परदेशी माल, म्हणाला. सोनंच, पण एकेका कणावर राळ चढवलेली, आणि सगळ्याचे खसखशीएवढे दाणे केलेले. त्यानं पांढऱ्या कागदावर चिमूटभर ओतलं आणि जोरात फुंकर मारली. दाणे जरासे गडगडले, पण धूळ म्हणून उडाली नाही. आम्ही सगळे कामं टाकून बघत होतो. भिमाजी मागून पुढे आला, फडका खाली ओढला आणि स्वतः फुंकर मारली. त्याच्या फुंकरीला जोर तो काय असणार! लगेच ढास लागली. पण ढास थांबल्यावर तो कागदावर वाकून बघत राहिला, मग स्वतःची बोटं बघितली. स्वच्छ होती. एवढा खूश झालेला मी त्याला कधी बघितला नव्हता.

आप्पासाहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की पुणतांब्याच्या पार्टीच्या हजार पत्रिका या डब्यावर करून बघायच्या. नीट निघाल्या तर भुकटीचा धंदा बंद, खोलीच्या खिडक्या उघडायच्या आणि भिमाजीनं पायानं चालवायच्या छपाई मशीनवर कार्डं लावायला बसायचं, आहे त्याच पगारात. नाही जमलं तर डबा परत. डब्याबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद होता. आप्पासाहेबांना कागदाच्या खरेदीला पुण्याला जायचं होतं. जाता जाता त्यांनी भिमाजीला बजावलं, सुमंतरावांकडून कागद वाचून घे आणि तसंच कर.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाजी तो कागद घेऊन माझ्यापाशी आला. त्याच पुणतांब्याच्या पत्रिकेचं दुसरं प्रूफ माझ्यापुढे होतं. मुलीच्या चार मामांची नावं राहिली म्हणून गिऱ्हाईक आदल्या दिवशी ओरडून गेलेलं. मामांची नावं राहिली तर लग्नात मानपानावरून काय होतं, हे मी सांगायला नको. माझं डोकं तापलेलं. मी म्हटलं, नंतर ये.

दुपारी तो पुन्हा आला. कागद दोन्ही हातांत धरून माझ्या खिळ्यांच्या पेटीशेजारी उभा राहिला. त्याचा श्वास वाजत होता आणि त्या आवाजानं मला ओळ जुळवता येईना. मी खेकसलो, “अठरा वर्षं सोनं लावतोयस भिमा, तुला काय डोंबल वाचून दाखवायचंय? तुझं काम तुला येत नाही?”

तो ओशाळला. पण जरा फुशारलाही, हे मला तेव्हाही दिसलं होतं. अठरा वर्षांत त्याच्या कामाला कुणी काम म्हटलं नव्हतं. कागदाची घडी घालून त्यानं खिशात ठेवली आणि खोलीत गेला.

पुढचं मला त्यानंच नंतर सांगितलं. दोन-चार रद्दी कार्डांवर त्यानं नेहमीसारखं वार्निश छापून घेतलं आणि बोळ्यानं दाणे लावायला गेला. दाणे कशाला चिकटतात! गडगडून खाली. त्याला वाटलं, मालाला दमट हवा लागली, बोटीतून आलाय, गोळ्या झाल्यात. आमच्याकडे पावसाळ्यात भुकटीच्या गाठी व्हायच्या तेव्हा तो काय करायचा? उन्हात वाळवायचा, खलात कुटायचा आणि मलमलच्या फडक्यातून गाळायचा. त्यानं तेच केलं. डब्यातले दाणे दारापुढच्या उन्हात वाळत घातले. दुसऱ्या दिवशी खिडक्या लावून घेतल्या आणि सकाळपासून दुपारपर्यंत खल घेऊन बसला. जी धूळ उडू नये म्हणून कुणी परदेशात एवढी खटपट केली होती, ती त्यानं स्वतःच्या हातानं पुन्हा उडवली. नेहमीपेक्षा बारीक धूळ, वर त्यात राळेची भर. आणि खोलीतून खलाचा आवाज येत होता तो मी ऐकला होता. ऐकून माझ्या ओळी जुळवत राहिलो.

दोन दिवसांत हजार पत्रिका झाल्या. शनिवारी दुपारी त्यानं पहिला गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. गणपती काळपट. न घासलेली समई असते ना, तसा. भिमाजी भिंतीला टेकून उभा होता, ओठ निळसर पडलेले. मी कागद मागितला आणि वाचला. जेमतेम बारा ओळी होत्या. वार्निशमध्ये दाणे टाकून ढवळावेत, राळ विरघळते आणि सोनेरी शाई तयार होते. ती इतर शाईसारखी मशीनलाच लावावी, वरून काही चोपडायचं नाही. आणि खाली जाड ठशात, दाणे कुटू नयेत, चकाकी जाते.

मी कागद वाचला तो मनात. त्याला मोठ्यानं वाचून दाखवायची मला लाज वाटली. “चुकलं,” एवढंच म्हणालो. कुणाचं, ते म्हणालो नाही.

आप्पासाहेब संध्याकाळी पुण्याहून आले, पत्रिका बघितल्या आणि त्यांचा पारा चढला. कागद वाचून घेतला होतास का, असं त्यांनी भिमाजीला विचारलं. भिमाजीनं एकदा माझ्याकडे बघितलं.

“न्हाई मालक. मला वाटलं, मला येतंय. म्या सुमंतरावांस्नी सांगितलंच न्हाई.”

आणि मी उभा होतो. तिथेच, तीन हातांवर. तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? बोलणी खाल्ली असती, फार तर एखाद्या दिवसाचा पगार गेला असता. पण कागद वाचून दाखवला असता तर आप्पासाहेबांना कळलं असतं की मालात खोट नाही, दुसरा डबा आला असता. मी पेटीतले खिळे चाळवत राहिलो. रिकामा डबा परत गेला. आप्पासाहेब म्हणाले, पुन्हा असल्या भानगडीत पडायचं नाही. पुणतांब्याचं काम जुन्या भुकटीवर नव्यानं करून द्यायचं ठरलं आणि सोमवारी सकाळी भिमाजीनं नाकाला फडका बांधला.

ती लग्नसराई त्यानं काढली. माझ्याशी पूर्वीसारखाच वागायचा, दुपारच्या डब्यातली चटणी पुढे करायचा. एखाद्यानं भांडावं, शिव्या द्याव्यात. तेही त्यानं केलं नाही. मीच मग जेवायला दुसरीकडे बसायला लागलो. दसऱ्याच्या सुमाराला त्याला छापखान्यापर्यंत चालवेना. चांगुणानं खोली सोडली आणि त्याला एसटीत घालून गावी घेऊन गेली.

तो गेल्यावर चौथ्या दिवशी मी आप्पासाहेबांच्या टेबलासमोर जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. मग एवढंच म्हणाले, “हे तेव्हा का नाही बोललात?”  

दिवाळीनंतर दुसरा डबा आला. या वेळी मी मशीनशेजारी उभा राहून कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मराठीत वाचला. दाणे वार्निशात विरघळले. खिडक्या उघड्या, डोक्यावर पंखा चालू, आणि कार्डामागून कार्ड झळझळीत निघत होतं. इतकं सोपं होतं ते. मला बघवेना.

त्या रविवारी मी एक कार्ड खिशात घालून सुप्याला उतरलो आणि तिथून गावाला चालत गेलो. भिमाजी पडवीत बाजेवर बसला होता, पाठीला वाकळांची घडी. आडवं पडलं की त्याला श्वास पुरत नसे. चांगुणानं पाणी दिलं आणि भिंतीशी जाऊन बसली. मी कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्यानं गणपतीवरून अंगठा फिरवला, अंगठा उजेडात धरून बघितला. स्वच्छ होता. मग त्यानं फुंकर मारायचा प्रयत्न केला, पण तेवढा वारा आता छातीत नव्हता.

मी म्हटलं, “भिमाजी, माझं चुकलं रे. मी वाचायला पाहिजे होतं.”

त्यानं कार्ड बाजेवर ठेवलं. मग म्हणाला, “तो कागद हाय का संगं?”

होता. का कोण जाणे, पण मी तो बरोबर घेतला होता.

“वाचा की मग.”

मी वाचला. बाराच्या बारा ओळी, सावकाश. राळ कशी विरघळते, शाई कशी होते, सगळं समजावून सांगितलं. तो डोळे मिटून ऐकत होता, अधूनमधून मान हलवत होता. कुटू नये ही ओळ आली तेव्हा मी थांबलो, तर त्यानं हातानंच पुढे वाच म्हणून खुणावलं. वाचून संपलं तेव्हा त्यानं डोळे उघडले.

“एवढंच हुतं व्हय,” तो म्हणाला.

चांगुणानं कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि त्याच्या पाठीमागच्या वाकळांत ठेवला. तिला वाचता येत नव्हतं.