बरं नाही म्हणायची भीती

जर्मनीत सरकारी आरोग्य विमा काढल्याशिवाय विद्यापीठ विद्यार्थ्याचं नावच नोंदवून घेत नाही. आमच्यासारख्या परदेशी पोरांनाही तोच नियम आणि तोच सवलतीचा हप्ता. मग पोस्टाने फोटोचं कार्ड येतं. ते दाखवलं की डॉक्टर तपासतात, गरज पडली तर दवाखान्यात भरती करतात, आधी डिपॉझिट भरा असं कुणी म्हणत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा मी ते कार्ड पाकिटातून बाहेर काढलं नाही.

मला भीती वाटत होती. मी लातूरच्या क्लासमध्ये घडलेली मुलगी. तिथे स्पेशल बॅचमधली एखादी तापाने घरी राहिली, की परत येईपर्यंत तिची जागा दुसरीला गेलेली असायची. म्हणून आम्ही मेडिकलवरून गोळी आणायचो, गिळायचो आणि मुकाट्याने बाकावर जाऊन बसायचो. इथेही कार्ड दाखवलं की विद्यापीठाला कळणार, 'ही आजारी पडते' म्हणून व्हिसा वाढवणार नाहीत आणि मी गाशा गुंडाळून परत लातूर स्टेशनावर उतरणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शिकल्यासवरल्या मुलीची ही अक्कल!

शेवटी उभंही राहता येईना. शेजारच्या खोलीतल्या तेलुगू मुलीने माझं काही न ऐकता टॅक्सी बोलावली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना मी पहिलं काय विचारलं, तर विद्यापीठाला कळवाल का?

"आजार तुमचा आहे, त्यांना कशाला कळवू?" असं म्हणत त्यांनी पोट दाबलं. मी किंचाळले. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन लावला. लातूरच्या त्र्याण्णवच्या भूकंपापासून आई साधं भांडं वाजलं तरी दचकते, म्हणून आमच्याकडे वाईट बातमी कुणी कुणाला सांगत नाही.

"आवाज बारीक का यायलाय गं?" आईने विचारलं.

"सर्दी झालीय. तुमचं कसंय? बाबांना दे."

"आमचं बरं हाय की. ते झोपलेत."

तिकडे भर दुपार होती, आणि बाबा दुपारचे कधीच झोपत नाहीत. मी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनेही सर्दीच सांगितली असती. आणि त्यांच्याकडे तर असलं कार्डही नव्हतं.