साडू आणि गिअरबॉक्सचं तेल

आमच्या थोरल्या साडूंना देवानं नाक दिलं ते श्वास घेण्यासाठी नव्हे, तर तेलाचा वास घेण्यासाठी, याबद्दल आमच्या सासरवाडीत आता दुमत उरलेलं नाही. फौजेत चिलखती गाड्या चालवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. पेन्शन घेऊन विट्याकडच्या आपल्या गावी परतले त्याला बरीच वर्षं झाली, पण उभ्या गाडीजवळून मुकाट्यानं पुढं जाणं त्यांना आजही जमत नाही. बॉनेट उघडायला लावायचं, तेलाची पट्टी उपसायची, दोन बोटांत तेल चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि निकाल द्यायचा. माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला त्यांनी पाहुण्यांच्या गाडीची पट्टी उपसली, ती मानाच्या टॉवेलला पुसली आणि व्याह्यांना भर मांडवात म्हणाले, “पावनं, ह्ये त्याल न्हवं, डांबर हाय. पोरगं तरी नीट संबाळलंय न्हवं?” लग्न मोडलं नाही, हे त्या पाहुण्यांचं मोठेपण.

अशा माणसाच्या गावात चिलखती गाडी यायला नको होती. पण आली. साडूंचे फौजेतले उस्ताद, म्हणजे ज्यांनी त्यांना ती गाडी हाकायला शिकवली ते, त्याच गावचे. आता पार अंथरुणाला खिळलेले. त्यांचा मुलगा दूर दक्षिणेत गलाईच्या धंद्यात, सोनं गाळून बऱ्यापैकी स्थिरावलेला. बापानं जशी गाडी चालवली तशीच एक भंगाराच्या लिलावात दिसली, तशी त्यानं ती ट्रेलरवर घालून गावी आणली आणि शाळेच्या ग्राउंडात उभी केली. सव्वीस जानेवारीला ती आपल्या चाकांवर चालत बापाच्या दारात जावी, एवढीच त्याची इच्छा. गावाचं म्हणणं होतं की झकास रंग द्यावा आणि हार घालावा. साडू म्हणाले, “रंग मेल्याला देत्यात. जित्याला त्याल लागतं.”

आणि तिथून माझे रविवार संपले. मी इस्लामपूरला मास्तर. आठवड्यात एक दिवस जरा पाठ टेकावी म्हटलं की फोन यायचा. “साडू, गाडी काडा.” नाही म्हणायची सोय नव्हती, कारण त्यांच्या मागून अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, फोनवर यायची आणि म्हणायची, “न्या वं त्यास्नी कुटंतरी. घरात सगळ्या बरण्यांचा वास घेत बसल्यात.” मग सांगलीची दुकानं. दुकानदार चकचकीत डबा पुढं करायचा, “काका, हे सगळ्या गाड्यांना चालतं.” साडू तो डबा दोन बोटांनी परत सारायचे. “सगळ्यास्नी चालतं त्ये कुनालाच न्हाई चालत.” इंजिनाला त्यांना जुन्या पद्धतीचं साधं तेल हवं होतं. नव्या तेलात म्हणे मळ धुऊन काढायची औषधं असतात. “जुन्या इंजनात मळानंच भेगा बुजल्याल्या असत्यात, साडू. मळ ग्येला की गळती लागली.” हे सांगताना ते माझ्याकडे असं बघायचे, की मला उगाच अंघोळीची धास्ती वाटायची.

इंजिनाचं तेल अखेर मिळालं. ग्रीसही पसंत पडलं. अडलं ते गिअरबॉक्सपाशी. आतलं तेल पाणी शिरून ताकासारखं पांढरं झालेलं. ते त्यांनी सगळं काढून टाकलं आणि मग दुसरं कुठलंच त्यांच्या मनास येईना. बाजारातल्या गिअरतेलात गंधक असतं आणि ते आतल्या पितळी कड्या खातं, असा त्यांचा सिद्धान्त. महाबळेश्वरच्या एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याकडं जुन्या तेलाचा डबा आहे असं कळल्यावर आम्ही भर पावसात घाट चढलो. समोरचं हातभरही दिसत नव्हतं. त्या डब्यात रॉकेल निघालं. साडूंनी टॅक्सीवाल्याशी मनसोक्त गप्पा मारल्या. मी तापानं फणफणून परतलो.

हिवाळ्यात उस्तादांचं खाणं सुटलं. मुलगा सवड काढून आला तो बाजारातलं सगळ्यात भारी तेल घेऊनच. साडूंनी झाकणसुद्धा उघडलं नाही. तेव्हा तो भडकला, “काका, थोडा येळ चालवायची हाय नुसती! माजा बाप थांबंल का तुमच्या त्यालासाटी?”

साडूंनी तो डबा दोन बोटांनी परत सारला. विट्याच्या एका मेकॅनिकनंही मला खासगीत सांगितलं होतं की तेवढ्या अंतराला कुठलंही तेल चाललं असतं. कोण बरोबर, ते मला आजही माहीत नाही. ग्राउंडावरून गाडीनं त्यांना घरी सोडताना मीही वैतागून म्हणालो, “घाला की एकदाचं.” साडू खिडकीबाहेर बघत म्हणाले, “उस्तादांनी मला पैली थोबाडीत मारली ती चुकीच्या त्यालापायी. आता त्यांच्याच गाडीत कसं घालू वं?”

सव्वीस जानेवारीपर्यंत मनासारखं तेल मिळालं नाही. झेंडावंदन झाल्यावर गाडी उस्तादांकडं गेली नाही; उस्तादच खाटेसकट गाडीपाशी आले. साडू आत उतरले, क्लच तळापर्यंत दाबला आणि इंजिन सुरू केलं. धुराचा लोट उठला, पोरं ओरडली, शाळेची कौलं थरथरली. मी वरच्या झडपेतून वाकून पाहिलं तर साडू घामानं थबथबलेले. डावा पाय पेडलवर ताठ, आणि तो पाय लटलट कापत होता. “सोडा की,” मी ओरडलो. “सोडला की कोरडा गिअरबॉक्स फिरंल,” ते म्हणाले आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला.

खाटेवर उस्तादांनी डोळे मिटले होते. मुलगा घाबरून त्यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकला. मग सरळ झाला आणि झडपेपाशी येऊन म्हणाला, “काका, आबा म्हनत्यात, इंजनातलं टॅपेट वाजतंय.”

“व्हय उस्ताद!” साडू आतून खच्चून ओरडले. “उद्या बगतो!”

इंजिन बंद झाल्यावर त्यांना बाहेर येता येईना. पाय आखडला होता. काखेत हात घालून मी त्यांना वर ओढलं, आणि इतका हलका माणूस मला इतकी वर्षं एवढा जड कसा झाला, हेच कळेना. उस्तादांच्या मुलानं त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि चोळत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साडूंनी टॅपेट नीट केलं आणि पुन्हा तसाच क्लच दाबून इंजिन सुरू केलं. उस्तादांचं घर शाळेपलीकडच्याच गल्लीत. त्यांनी आवाज ऐकून पसंतीनं मान हलवली की नाही, याबद्दल घरातल्यांचं एकमत नाही. पुढं ते फार दिवस राहिले नाहीत. साडू मात्र मान हलवली असंच धरून चालतात, आणि त्यावर त्यांना कुणी काही विचारत नाही.